ऑस्ट्रियन अर्थशास्त्रीय संप्रदाय आणि नव्या संशोधनविषयांचा शोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अर्थशास्त्रीय विचारांच्या इतिहासात ऑस्ट्रियन संप्रदायाला वैशिष्ट्यपूर्ण स्थान आहे. कार्ल मेंगर यांच्या १८७१ मधील ग्रंथापासून या संप्रदायाचा प्रारंभ मानला जातो. व्यक्तिनिष्ठ मूल्य, कालसापेक्ष भांडवल, विखुरलेले ज्ञान व उद्योजकता या त्याच्या प्रमुख संकल्पना होत. या विचारवंतांवरील संशोधन मात्र बरेचदा 'अमुक यांच्या आर्थिक विचारांचा चिकित्सक अभ्यास' या साच्यात अडकते. त्यात ज्ञात मतांचे संकलन होते. नवा प्रश्न क्वचितच उभा राहतो. या संप्रदायात नवे विषय प्रत्यक्षात कोठून आले, याचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला असून त्या आधारे महाराष्ट्रातील अभ्यासकांपुढील काही शक्यता मांडल्या आहेत.

व्यवहार आणि सिद्धांत यांतील विसंगती

अध्यापनाकडे वळण्यापूर्वी मेंगर हे व्हिएन्नातील वृत्तपत्रांसाठी लेखन करीत असत. बाजारपेठेचे वृत्तांत लिहिताना त्यांना एक विसंगती जाणवली. किंमत ठरण्यामागे जी कारणे अनुभवी व्यापारी निर्णायक मानीत, ती प्रचलित किंमतसिद्धांतात आढळत नव्हती. ही आठवण त्यांचे अनुयायी फ्रीडरिख फॉन वीझर यांनी नोंदविली आहे. वस्तूचे मूल्य तिच्यावर खर्च झालेल्या श्रमात नसून उपभोक्त्याच्या गरजेच्या तीव्रतेत व उपलब्ध साठ्यातील शेवटच्या एककाच्या उपयोगितेत असते, हे प्रतिपादन त्यांनी १८७१ मध्ये केले. संप्रदायाचा पहिला संशोधनविषय अशा रीतीने ग्रंथ आणि व्यवहार यांतील अंतरातून निर्माण झाला, असे म्हणता येते.

वादांतून घडलेले विषय

नव्या विषयांचा दुसरा स्रोत म्हणजे वाद. १८८३ मध्ये मेंगर यांनी सामाजिक शास्त्रांच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचे अग्रणी गुस्टाव श्मोलर यांनी त्यावर कठोर टीका केली. मेंगर यांनी १८८४ मध्ये प्रत्युत्तर दिले, तेव्हा श्मोलर यांनी ते पुस्तक परत पाठविले. केवळ आकडेवारी व दप्तरे यांतून आर्थिक नियम मिळतात काय, हा या वादाचा गाभा होता. पैसा, भाषा व कायदा यांसारख्या संस्था कोणीही योजनापूर्वक न घडविता कशा उदयास येतात, हा प्रश्न मेंगर यांनी त्याच ग्रंथात मांडला. पुढे १८९२ मध्ये पैशाच्या उगमावरील निबंधात त्यांनी त्याचा विस्तार केला.

दुसरा मोठा वाद समाजवादी नियोजनाविषयी होता. युद्धकाळातील अनुभवाच्या आधारे ओटो नॉयराट यांनी पैशाविना चालणाऱ्या नियोजित अर्थव्यवस्थेची कल्पना मांडली होती. १९२० मध्ये लुडविग फॉन मिझेस यांनी आक्षेप घेतला की, उत्पादनसाधनांना बाजारभाव नसतील तर कोणती उत्पादनपद्धती काटकसरीची आहे हे ठरविता येणार नाही. ओस्कर लांगे यांनी १९३६-३७ मध्ये याला उत्तर दिले. नियोजन मंडळाने किंमती जाहीर कराव्यात आणि टंचाई किंवा साठा पाहून त्या बदलाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रीडरिख हायेक यांनी १९३७ व १९४५ मधील निबंधांत या वादाला वेगळे वळण दिले. आवश्यक ज्ञान एका ठिकाणी कधीच उपलब्ध नसते. ते असंख्य व्यक्तींकडे स्थळकाळानुरूप विखुरलेले असते, हा त्यांचा मुद्दा होता. मूळ प्रश्न हिशेबाचा होता. प्रतिपक्षाने दिलेल्या सबळ उत्तरामुळे तो ज्ञानाचा प्रश्न झाला.

पुनर्वाचन आणि दप्तरे

दुसऱ्या महायुद्धानंतर हा संप्रदाय उपेक्षित राहिला. १९७३ मध्ये मिझेस यांचे निधन झाले. १९७४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील साउथ रॉयल्टन येथे तरुण अभ्यासकांची परिषद भरली आणि त्याच वर्षी हायेक यांना गुन्नार मिर्डाल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या पिढीने जुन्या वादांचे पुनर्वाचन केले. लांगे यांनी वाद जिंकला, ही पाठ्यपुस्तकांतील समजूत मूळ लेखनाशी जुळत नाही, असे डॉन लव्हॉय यांनी १९८५ मध्ये दाखविले. याच काळात काही संशोधक आर्थिक इतिहासाकडे वळले. लॉरेन्स व्हाइट यांनी १९८४ मध्ये स्कॉटलंडमधील १८४५ पूर्वीच्या मुक्त बँकव्यवसायाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जॉर्ज सेल्गिन यांनी २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या बटन-उत्पादकांनी पाडलेल्या खासगी नाण्यांचा इतिहास लिहिला. सरकारी टांकसाळ सुटी नाणी पुरवीत नसताना कारखानदारांनी मजुरी देण्यासाठी ती वापरली होती.

अप्रकाशित कागदपत्रांनीही नवे विषय दिले आहेत. १९३८ मध्ये नाझींनी मिझेस यांच्या व्हिएन्नातील निवासस्थानातून जप्त केलेली कागदपत्रे महायुद्धानंतर मॉस्को येथील गुप्त दप्तरात राहिली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर, १९९० च्या दशकात ती संशोधकांच्या हाती आली आणि मिझेस यांच्या व्हिएन्नातील कार्याचे चित्र अधिक स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील अभ्यासकांपुढील शक्यता

वरील इतिहासाच्या प्रकाशात तीन दिशा विशेष विचारार्ह वाटतात.

पहिली दिशा विचारांच्या प्रसाराची आहे. बी. आर. शेणॉय यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी लंडन येथे हायेक यांची व्याख्याने ऐकली. १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसंबंधीच्या अर्थतज्ज्ञ मंडळात त्यांनी तुटीच्या अर्थभरण्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. लंडनमधील सिद्धांत आणि भारतातील त्यांचा युक्तिवाद यांत किती सातत्य होते, हे त्यांच्या लेखनातून तपासता येईल. येथे दक्षता आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मधील रुपयाविषयीच्या ग्रंथात चलननिर्मितीतील शासकीय स्वेच्छाधिकारावर टीका केली. या टीकेचे मिझेस यांच्या चलनविचाराशी साम्य जाणवते. तथापि मिझेस यांच्या १९१२ मधील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९३४ मध्ये निघाला, आणि आंबेडकरांच्या ग्रंथाला प्रस्तावना होती ती एडविन कॅनन यांची. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. दोहोंतील भेद शोधणे हाही स्वतंत्र विषय आहे.

दुसरी दिशा चलनेतिहासाची आहे. पेशवेकाळात अंकुशी, चांदवडी इत्यादी निरनिराळे रुपये एकाच वेळी प्रचारात होते. टांकसाळी खासगी व्यक्तींना परवान्याने चालवावयास दिल्या जात आणि सराफ नाण्याचा कस पाहून बट्टा आकारीत. सेल्गिन यांनी बर्मिंगहॅमला विचारलेला प्रश्न येथेही विचारता येतो : हलके नाणे रोखण्याचे काम सरकारी दंडाने अधिक केले की सराफाच्या बट्ट्याने? पुणे येथील पेशवे दप्तर त्यासाठी उपलब्ध आहे. अट मोडी लिपी अवगत असण्याची आहे. उत्तर ऑस्ट्रियन सिद्धांताच्या विरोधात गेले, तरीही ते तितकेच मोलाचे ठरेल.

तिसरी दिशा किंमत आणि ज्ञान यांची आहे. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना राबविली गेली. योजनेच्या वित्तीय तोट्यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु खरेदी केंद्रावर कापसाची प्रत कशी ठरे, पूर्वी व्यापाऱ्याकडे असलेले स्थानिक ज्ञान केंद्राने कसे मिळविले, आणि परराज्यात भाव चढताच कापूस सीमेपार का जाई, हे प्रश्न हायेक यांच्या परिभाषेत विचारण्याजोगे आहेत. त्या व्यवहारात सहभागी असलेले शेतकरी, ग्रेडर व अडते आज वृद्ध झाले असल्याने मौखिक साधने विनाविलंब जमविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

ऑस्ट्रियन संप्रदायाच्या इतिहासात नवे विषय प्रामुख्याने चार ठिकाणी सापडले : व्यवहार व सिद्धांत यांतील विसंगतीत, प्रतिपक्षाच्या सबळ उत्तरात, जुन्या वादांच्या पुनर्वाचनात आणि न वाचलेल्या कागदपत्रांत. विचारवंताच्या मतांचा सारांश हा या प्रवासाचा प्रारंभ असू शकतो, शेवट नव्हे. मेंगर यांनी दप्तरांतील तपशिलापुढे सिद्धांताची बाजू घेतली होती. त्यांच्या परंपरेला आज नवे विषय दप्तरांतूनच मिळत आहेत, यात वरवर विरोध दिसतो. परंतु दप्तराला विचारावयाचा प्रश्न सिद्धांतच पुरवितो आणि त्या प्रश्नाचा कस दप्तरात लागतो. विषयनिवड करताना मार्गदर्शक व संशोधक यांनी हे परस्परावलंबन ध्यानी घेतल्यास मराठी प्रदेशातील साधने अर्थशास्त्रीय विचारांच्या व्यापक चर्चेत आपली भर घालू शकतील.