मातीचे भांडे आणि पाच फुटांची ओसरी

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. जुन्या बंदरांच्या शहरांत रस्त्याचा मालक कोण ठरला, हे नगरपालिकांच्या नियमांतून वाचून काढण्याचा नाद मला गेली कित्येक वर्षे लागला आहे. त्या नादातच सिंगापूरच्या चिनी मातीच्या भांड्यातल्या भातापर्यंत येऊन पोहोचलो. त्या भाताची चव समजून घ्यायची, तर आधी तिथली ओसरी समजून घ्यावी लागते.

१८२२ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्सने शहराची आखणी करवून घेतली, तेव्हा प्रत्येक पक्क्या घरापुढे छप्पर असलेली, सलग आणि सर्वांना चालता येईल अशी ओसरी असावी, असे ठरले. पुढे तिला ‘पाच फुटी वाट’ म्हणू लागले. कागदावर ती पादचाऱ्यांची होती. प्रत्यक्षात न्हावी, चांभार आणि खाद्यविक्रेते तिथे बसू लागले. फेब्रुवारी १८८८ मध्ये नगरपालिकेने ओसऱ्या मोकळ्या करायला घेतल्या, तेव्हा दुकाने बंद झाली, दगडफेक झाली, दंगल उसळली. अखेर, वाट चालण्यापुरती मोकळी राहावी, या तडजोडीवर भागले.

लोक एवढे का चवताळले? फुकियन आणि ग्वांगडाँग या चीनच्या दक्षिण प्रांतांतून आलेले बहुसंख्य पुरुष एकटे होते. कोणी हमाली करी, तर १८८० नंतर कोणी रिक्षा ओढी. दाटीवाटीच्या खोल्यांत अंग टाकण्यापुरती जागा मिळे, तिथे चूल कुठली? त्यांचे स्वयंपाकघर रस्त्यावरच होते. हॉक्किएन लोकांच्या शेवया, तेओच्यू लोकांची तांदळाची पेज, हैनानी कोंबडीभात आणि कँटनी लोकांचा मातीच्या भांड्यातला भात. गाव सुटले तरी बोलीप्रमाणे चवही सोबत आली.

त्या भाताची रीत आपल्याला परकी वाटू नये. भांडे वाळूमिश्रित मातीचे, बाहेरून खरखरीत, आतून झिलई दिलेले. तडकू नये म्हणून वरून तारेचे वेढे. नवे भांडे आधी पाण्यात भिजवायचे, हे आपल्या कोकणातल्या जुन्या गृहिणींनाही सांगावे लागणार नाही. भिजवलेले तांदूळ कोळशाच्या शेगडीवर ठेवतात. पाणी आटत आले की वर कोंबडीचे तुकडे, ‘लाप चेओंग’ हे वाळवलेले गोडसर सॉसेज आणि थोडा खारवलेला मासा ठेवून झाकण घालतात. मग भांडे कलते करून सर्व बाजूंनी फिरवत राहायचे, म्हणजे कडेचा भातही तळासारखा लालसर होतो. शेवटी दाट काळा सोया सॉस ओतून कालवायचे. तळाची खरपुडी खाणाऱ्याने खरवडून घ्यायची. जाणकार तिच्यावरूनच आचाऱ्याची परीक्षा करतात.

या साऱ्याला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, आणि एका भांड्यात एकदोघांचेच पोट भरते. तेवढ्या वेळात कढईवाला शेवयांच्या कितीतरी थाळ्या काढतो. म्हणून विक्रेत्यांच्या इतिहासात हे भांडे मला मोजपट्टीसारखे वाटते. नियम, भाडे आणि घाई यांचा ताण सर्वांत आधी त्याच्यावर पडतो.

१९५० मध्ये ब्रिटिश सरकारने फेरीवाल्यांविषयी चौकशी आयोग नेमला. फेरीवाल्यांना मुख्यतः उपद्रव समजून रस्त्यावरून हटवण्याकडे अधिकाऱ्यांचा कल असतो, हे त्या आयोगानेच नोंदवले. खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. १९६८-६९ मध्ये बेटभर नोंदणी झाली. त्यात रस्त्यावरचे सुमारे १८,००० विक्रेते मोजले गेले. १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, गटार आणि कचऱ्याची सोय असलेल्या बाजारांत जागा दिली गेली. चायनाटाउनमधील सेगो, ट्रेंगानू आणि स्मिथ रस्त्यांवरचे विक्रेते १९८३ मध्ये एका मोठ्या इमारतीत गेले. रोगराईची भीती ओसरली, पोलिसांपुढची पळापळ थांबली. पण बहुतेक ठिकाणी कोळशाची जागा गॅसने घेतली. आज कोळशावर भात शिजवणारे मोजकेच उरले आहेत.

आपल्याकडे मुंबईच्या फेरीवाल्यांचा वाद निघाला की सिंगापूरचा दाखला हमखास दिला जातो. देणाऱ्यांनी क्रम पाहावा : आधी मोजणी, मग परवाना, मग जागा आणि शेवटी रस्ता मोकळा. याला पंधराहून अधिक वर्षे लागली. जमीन ताब्यात घेण्याचे तिथल्या सरकारचे अधिकारही फार मोठे होते. आपला पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये आला, आणि तोही आधी सर्वेक्षण करा असेच सांगतो. आपली घाई मात्र शेवटच्या पायरीची असते.

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या या खाद्यपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तेव्हा तिथल्या विक्रेत्यांचे वय साठीच्या आसपास होते. जुन्या पिढीला सवलतीचे भाडे मिळाले, तर नव्याला लिलावात बोली लावून गाळा घ्यावा लागतो, आणि गिऱ्हाइकाला भात मात्र स्वस्तच हवा असतो. पहाटे उठून शेगडीपुढे उभे राहण्यापेक्षा मुले कचेरीतली नोकरी पत्करतात, यात त्यांना दोष देण्याजोगे काही नाही.

१८८८ मध्ये भांडण जागेचे होते. जागा मिळाली, मानही मिळाला. आता प्रश्न अर्ध्या तासाचा आहे. भांडे फिरवणाऱ्याच्या त्या अर्ध्या तासाचे मोल गिऱ्हाइकाने दिले नाही, तर वारशाच्या यादीत नाव राहील आणि खरपुडी जाईल.