कावळे पाटोद्याचे, रिपोर्ट भोपाळचा

आजची गोष्ट कावळ्यांची आहे. म्हणजे खरं तर लॅबची आहे, पण सुरुवात कावळ्यांपासून.

जानेवारी 2021. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या मुगगावला कावळे मरून पडलेले सापडले. दहाव्याला आपण ज्याची वाट बघत बसतो, तो कावळा एरवी मेला तर कोण विचारतं? पण याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. गावोगावी परसातल्या कोंबड्या आहेत. आणि त्याच दिवसांत शेजारच्या परभणीत, मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या होत्या. मग हे विष, की बर्ड फ्लू?

नुसतं बघून ते सांगता येत नाही. मेलेला पक्षी किंवा त्याच्या घशातला स्वॅब बर्फात पॅक करून पाठवावा लागतो. आपल्याकडचे नमुने साधारणपणे पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात आणि तिथून भोपाळच्या हाय-सिक्युरिटी लॅबमध्ये. 11 जानेवारीला केंद्राने जाहीर केलं: मुंबई, ठाणे, दापोली, परभणी आणि बीड, सगळीकडे बर्ड फ्लू.

आता गंमत बघा. या भोपाळच्या लॅबचं मूळ पुण्यातच आहे! 1889 मध्ये इंग्रजांनी पुण्यात इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली. कारण होतं गुराढोरांचे साथीचे रोग, त्यातही बुळकांडी. पण असले संसर्गजन्य जंतू भर शहरात ठेवणं धोक्याचं. म्हणून 1893 मध्ये लॅब हिमालयात, मुक्तेश्वरला हलवली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. भोपाळची लॅब आधी याच संस्थेची शाखा होती. 2014 मध्ये ती स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली.

तिची मोठी परीक्षा झाली तीही महाराष्ट्रामुळेच. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरातल्या कोंबड्यांमध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू याच लॅबने पक्का केला. त्यानंतर तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

तोवर हा विषय पोल्ट्रीवाल्यांचा वाटायचा. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने पुन्हा भोपाळला. उत्तर आलं: एच5एन1. पाठोपाठ जानेवारी 2025 मध्ये लातूरच्या उदगीरला कावळे पडले, निदान तेच. रोगाला कोंबडी कोणत्या खात्याची आणि वाघ कोणत्या खात्याचा, याच्याशी घेणंदेणं नाही. म्हणून वनखातं, पशुसंवर्धन खातं आणि पशुवैद्यकीय विद्यापीठ यांना एकत्र यावंच लागतं. गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन केंद्र हे त्याचंच उदाहरण.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर भोपाळचा सर्व्हर कितीही भारी असू द्या, इनपुट सडका आला तर आउटपुट काय येणार? मराठवाड्याच्या उन्हात मेलेला पक्षी लवकर सडतो आणि सडलेल्या नमुन्यातून व्हायरस सापडणं अवघड होतं. म्हणजे या सगळ्या साखळीची पहिली कडी लॅबमध्ये नाहीच. ती गावात आहे, पक्षी पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाजवळ.

तेव्हा शेतात एकदम तीन-चार पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका, आणि फोटो स्टेटसला टाकायच्या आधी जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन करा. पुणे-भोपाळचं पुढचं काम त्या फोननंतरच सुरू होतं.

भेटू पुढच्या भागात!