आयनी द्रव, धातु-आयनांच्या पृथक्करणातील
केवळ आयनांचे बनलेले व १००° से.च्या खाली वितळणारे लवण म्हणजे आयनी द्रव होय. पाउल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये १२° से.ला वितळणाऱ्या एथिल अमोनियम नायट्रेटाचे वर्णन केले; तथापि हवेत व पाण्यात टिकणारे इमिडॅझोलियम द्रव जे. एस. विल्क्स व एम. जे. झवोरोत्को यांनी १९९२ मध्ये तयार केल्यावरच या पदार्थांचा प्रसार झाला.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत शेंग दाई व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की, क्राऊन ईथरयुक्त आयनी द्रव पाण्यातील स्ट्राँशियम नेहमीच्या कार्बनी विद्रावकांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात ओढून घेतो. अणुकेंद्रीय अपशिष्टात किरणोत्सर्गी स्ट्राँशियम–९० (अर्धायुकाल सु. २९ वर्षे) असल्याने या शोधास महत्त्व आले. परंतु धातूचा आयन द्रवात शिरताना द्रवाचा धनायन पाण्यात उतरतो, असे एम. एल. डीट्झ व जे. ए. झिएलावा यांनी २००१ मध्ये सिद्ध केले. म्हणजे ज्या विनिमयाने धातू वेगळा होतो, त्यानेच महाग द्रव खर्ची पडून पाणी दूषित होते.

द्रव घन आधारावर धरून ठेवणे, हा यावरील एक उपाय होय. वर्णलेखनाच्या स्तंभात भरावयाच्या सच्छिद्र सिलिकेत वा रेझिनात द्रव मुरवितात किंवा त्याचा धनायन सिलिकेशी रासायनिक बंधाने जोडतात. मुरविलेला द्रव हळूहळू झिरपून जाऊ शकतो. बंधित धनायन टिकतो. मात्र तो जखडलेला असल्याने पदार्थ मुख्यत्वे ऋणायन-विनिमयक ठरतो आणि क्लोराइडासारख्यांशी संयोग पावून ऋणभारित झालेले धातूच धरून ठेवतो.