दौलताबादची द्राक्षे : एक ऐतिहासिक मागोवा

दक्षिणेतील द्राक्षलागवडीचा इतिहास फलोत्पादनविषयक लेखनात बहुधा दौलताबादपासून सुरू होतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली व त्या स्थलांतराबरोबर द्राक्षवेलही येथे आला, असे सांगितले जाते. पुष्ट्यर्थ मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचा हवाला देतात आणि त्याच्या भेटीचे वर्ष १४३० असे नोंदवितात. हे वर्ष संभवतच नाही. बतूताचा मृत्यू १३६८-६९ च्या सुमारास झाला. सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यासाठी तो १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघाला व त्याच वाटेवर दौलताबादेस आला. एकाची चूक दुसऱ्याने पडताळून न पाहता उतरून घेतली, एवढाच याचा अर्थ.

कालनिश्चिती झाली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. राजधानीचे स्थलांतर व ही भेट यांत जेमतेम पंधरा वर्षांचे अंतर उरते. वेल साधारणतः तिसऱ्या वर्षी फळास येतो; म्हणजे एवढ्या अवधीत मळे उभे राहणे शक्य होते. मात्र वेल तुघलकानेच आणला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. चरक-सुश्रुतांच्या संहितांत द्राक्षाचा उल्लेख आहेच.

प्रस्तुत लेखकाच्या मते बतूताच्या वर्णनातील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची आहे. येथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, असे तो सांगतो. समशीतोष्ण प्रदेशातील वाचकास ही अतिशयोक्ती वाटेल. इटलीच्या पिएमाँत प्रांतात हिवाळ्यात वेल पाने गाळून सुप्तावस्थेत जातो आणि वर्षाकाठी एकच तोडणी होते. दख्खनच्या पठारावर वेलाला ही विश्रांती लाभत नाही. छाटला की तो फुटतो. म्हणूनच आपला बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून एकच पीक पदरात पाडून घेतो. सहाशे ऐंशी वर्षांपूर्वीची ती नोंद वेलाच्या या स्वभावाशी जुळते.

जातींचा इतिहास मात्र तुटक आहे. पिएमाँतात नेब्बिओलो ही जात आणि बारोलो हे गाव यांचे नाते इतके घट्ट, की १९८० मध्ये बारोलो वाइनला इटलीच्या कायद्यातील सर्वोच्च श्रेणी मिळाली. महाराष्ट्रातील हबशी, फकडी, भोकरी, साहेबी या जुन्या जाती व्यापारी लागवडीतून मागे पडल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉम्पसन सीडलेस रुजली; तिच्यातून तासगावला तास-ए-गणेश व सोलापूरजवळील नान्नजला सोनाका निवडली गेली. लागवडीचे केंद्र नाशिक, सांगली, सोलापूरकडे सरकले. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले, तेव्हा वाइन उद्यानांसाठी विंचूर आणि पलूस या जागा ठरल्या. पहिले नाशिक जिल्ह्यात, दुसरे सांगलीत.