कॉफी गाळायची कशी?

गेल्या दिवाळीत हातकणंगल्याला घरी गेलो, तर आईच्या पायावर भाजल्याचा डाग. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, कॉफीचं पातेलं हातातून सुटलं होतं. संधिवातामुळे तिच्या बोटांना आता सांडशी नीट धरवत नाही. मी म्हटलं, "बंद कर ती चारची कॉफी." तर म्हणाली, "मग चार वाजता मी करू काय?" बाबा होते तेव्हापासूनची ही सवय. आख्खी गल्ली चहावाली, कॉफीचं घर आमचं एकट्याचं. शेजारच्या काकूही चारला आमच्याकडेच. म्हणजे 'बंद कर' हा पर्याय बाद.

आता सॉफ्टवेअरवाल्याला असा प्रश्न पडला की तो दोन उद्योग करतो. एक म्हणजे मिळेल ते यंत्र गोळा करतो आणि दुसरं म्हणजे त्याचा इतिहास उकरत बसतो. मी दोन्ही केले.

आधी आईची पद्धत. दूध, पाणी, साखर, कॉफी एकत्र उकळायची, वर जायफळ किसायचं आणि गाळण्याने गाळायची. पुण्यातले माझे कॉफीबाज मित्र हे ऐकून कानावर हात ठेवतात. पण उकळणं हीच कॉफी करायची सगळ्यात जुनी रीत. येमेन, तुर्कस्तान सगळीकडे आधी उकळूनच प्यायचे. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी दंतकथा आहे. आमच्याकडे राजर्षी शाहू महाराजांनीही पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून बघितले होते.

मराठी घरातल्या कॉफीला जो एक विशिष्ट कडसर वास असतो, तो चिकोरीचा. नेपोलियनच्या काळात इंग्लंडशी व्यापार तुटला, कॉफी मिळेना, तेव्हा फ्रेंच लोकांनी हे भाजलेलं मूळ कॉफीत मिसळायला घेतलं आणि त्यांना ते आवडलंही. मुंबईत पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी मुलाने १८८८ मध्ये कॉफी भाजून दळून विकायचं दुकान काढलं. वय वर्षं तेरा! त्याची चिकोरीवाली 'फ्रेंच कॉफी' पुढे पॉलसन नावाने घरोघरी गेली. हेच ते लोणीवालं पॉलसन. त्यांचं लोणी इतकं गाजलं की मुंबईत मस्का मारण्याला 'पॉलसन लावणं' म्हणायला लागले :) पण सुरुवात कॉफीची.

असो. तर यंत्रं.

या सगळ्या यंत्रांचा इतिहास म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत : पावडर आणि पाणी किती वेळ एकत्र ठेवायचं, आणि मग त्यांची ताटातूट कशी करायची? फार वेळ ठेवलं, फार उकळलं, की कडूपणा उतरतो. (आई त्यावर दूध, साखर आणि जायफळाचा उतारा देते.)

पहिलं नेलं माझं लाडकं मोका पॉट. नाव त्याच मोखा बंदरावरून. इटलीत अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून १९३३ मध्ये आलेलं हे अॅल्युमिनियमचं भांडं. खालचं पाणी तापलं की वाफेच्या दाबाने पावडरीतून वर चढतं. कॉफी कडक, एक नंबर. आईने दोन्ही भाग हातात घेतले, फिरवून बघितले आणि खाली ठेवले. "एवढं घट्ट फिरवायला मला जमतंय होय?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मित्राकडून आणलेला फ्रेंच प्रेस. पहिलं पेटंट फ्रान्समध्ये १८५२ चं, पण नीट काम करणारी दांडी-जाळी बसवून पेटंट घेतलं ते १९२९ मध्ये इटलीच्या अत्तिलिओ कालिमानीने. म्हणजे नाव फ्रेंच, करणी इटालियन. यात जाळी खाली दाबावी लागते. आईने दोन्ही तळव्यांनी दाबली, काचेचं भांडं कलंडलं, मी धरलं म्हणून वाचलं.

तिसरं, कागदी गाळणी. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कपातला गाळ नको होता. तिने पितळी भांड्याला भोकं पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. १९०८ मध्ये तिने नोंदणी केली आणि कंपनी काढली. यात दाबणं-पिळणं काही नाही. पण तसला कागद आमच्या गावात कुठला मिळायला? आई म्हणाली, "कापड घालतो की." (आमच्याकडे बायकाही 'घालतो'च म्हणतात.) बरोबरच आहे, फ्रान्समध्ये अठराव्या शतकात कापडी पिशवीच वापरायचे. आणि कापडाला आमच्याकडे काय तोटा? १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आलेली इचलकरंजी आमच्याच तालुक्यात. कॉफी छान उतरली. पण ते कापड रोज धुऊन पिळायचं कुणी?

चौथं, विजेवर चालणारं ड्रिप मशीन. हे आम्हा लोकांचं दैवत. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत भांड्यात कॉफी उरली आहे का, हे जागेवरून बघता यावं म्हणून १९९१ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्यावर कॅमेरा लावला. १९९३ मध्ये तो वेबवर आला, जगातला पहिला वेबकॅम! २००१ मध्ये बंद केला, तेव्हा ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. मी हे सगळं रंगवून सांगितलं. आईने मशीनला एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यात दूध कुठनं घालायचं?"

हरलो.

शेवटी उत्तर मिळालं ते बेळगावच्या मावशीकडे. तिचं जुनं पितळी फिल्टर, खाली एक डबा, वर भोकांचा दुसरा. १८०० च्या सुमारास पॅरिसचे आर्चबिशप द बेल्वा यांच्या नावाने जे दुमजली भांडं प्रसिद्ध झालं, त्याचं तत्त्व हेच. पावडर घाला, गरम पाणी ओता आणि विसरून जा. पिळायचं नाही, दाबायचं नाही. दुपारी झोपायच्या आधी आई कपभर पाणी दांडीच्या छोट्या भांड्यात तापवून ओतते. चारपर्यंत डिकॉक्शन खाली तयार. दूध त्याच छोट्या भांड्यात, एकेका कपाचं. भरलेलं पातेलं उचलायचा प्रश्नच मिटला. जायफळ तिने स्वतःच वरच्या डब्यात पावडरीबरोबर घालून बघितलं. माझ्या मित्रांना सांगितलेलं नाही.

मी चवीच्या मागे होतो, मग तंत्राच्या मागे. तिचे हात मी सगळ्यात शेवटी बघितले. मेलिटाबाईंनी सुरुवात स्वतःच्या कपापासून केली होती. मी सुरुवात केली माझ्या आवडीच्या यंत्रापासून.

गेल्या रविवारी चारच्या सुमारास फोन केला, तर मागे पातेल्यात काहीतरी रटरटल्याचा आवाज. "फिल्टर काय झालं?" "आहे की. पण आज काकूंकडं पाहुणे आलेत, एवढ्या जणांना ते कुठं पुरतंय?"

"उचलणार कोण?"

"काकू उचलतात की."

मी गप्प बसलो.