थकलेल्या शेताची साक्ष : रॉथॅमस्टेड येथील स्फुरदाचा हिशेब

स्फुरद जमिनीत मिसळले की तेथेच जखडून पडते व पिकास कायमचे दुरावते, हे मत कृषिरसायनशास्त्रात दीर्घकाळ जवळजवळ स्वयंसिद्ध मानले गेले. ते निराधार होते असे नव्हे. दिलेल्या सुपरफॉस्फेटमधील स्फुरदाचा लहानसा अंशच, बहुधा १० ते २५ टक्के, पहिल्या वर्षी पिकाच्या वाट्यास येतो. उरलेले कॅल्शियम, लोह अथवा ॲल्युमिनियम यांच्याशी संयोग पावून अल्पविद्राव्य होते. यावरून निघणारा व्यवहार उघड होता : दरवर्षी गरजेहून अधिक खत घालीत राहावे. खनिज फॉस्फेटचे साठे मानवी कालमानात पुन्हा भरून येणारे नव्हेत, हे ध्यानात घेता त्या मताची परीक्षा होणे अगत्याचे होते.

ती परीक्षा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे झाली. जॉन बेनेट लॉझ यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटच्या कृतीचे पेटंट घेतले व १८४३ मध्ये गिल्बर्ट यांच्या साहाय्याने दीर्घकालीन प्रयोगांस आरंभ केला. पुढे ‘एक्झॉस्टशन लँड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शेतात १८५६ पासून गहू व १८७६ पासून बटाटे घेतले जात. काही तुकड्यांस शेणखत वा सुपरफॉस्फेट मिळे, काहींस काहीच नाही. १९०१ नंतर सर्वच तुकड्यांचे खत बंद झाले. मागील पुंजीवर जमीन किती काळ तग धरते, एवढेच पाहावयाचे उरले.

आणि जवळजवळ चार दशके फारसे काही दिसले नाही. तृणधान्याचे उत्पादन सर्वत्रच तुटपुंजे येई. जुन्या स्फुरदाचा लाभ नजरेत भरण्याजोगा नव्हता. १९४० मध्ये प्रयोग थांबला असता, तर स्फुरद वाया जाते हाच निष्कर्ष कायम झाला असता! परंतु १९४१ पासून सर्व तुकड्यांस नत्र देण्यात येऊ लागले, आणि पूर्वी स्फुरद मिळालेल्या तुकड्यांवरील बार्लीचे पीक इतरांहून ठळकपणे सरस येऊ लागले. स्फुरद तेथे होतेच. उणीव नत्राची होती. ज्या लीबिगशी लॉझ यांनी नत्रावरून वाद घातला, त्याच्याच नावाने प्रसिद्ध असलेल्या न्यूनतमतेच्या नियमाने लॉझ यांच्या शेतातील कोडे उलगडावे, हा योगायोग मौजेचा खरा.

जॉन्स्टन व पोल्टन यांनी १९७७ मध्ये या शेताच्या उत्पादनाचा व मृदेतील बदलांचा सविस्तर हिशेब मांडला. सायर्स, जॉन्स्टन व कर्टिन यांच्या २००८ च्या ग्रंथात तर कार्यक्षमता मोजण्याच्या रीतीवरच बोट ठेवले आहे. एका हंगामाऐवजी दीर्घ काळाचा जमाखर्च धरला, तर उपयोगाचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. म्हणजे उपलब्ध स्फुरद एका विवक्षित पातळीस पोचल्यावर पिकाने नेले तेवढेच परत द्यावे. अधिक दिल्याने उत्पादन वाढत नाही, आणि जादा अंश मातीबरोबर वाहून जलाशय दूषित करतो.

ही पातळी मोजण्यास ओल्सेन यांची १९५४ ची सोडियम बायकार्बोनेट पद्धत उपयोगी पडते. चुनखडीयुक्त मृदांसाठी ती विशेष अनुकूल असल्याने दख्खनच्या काळ्या जमिनींतही तिचा अवलंब होतो. कोकणातील जांभ्या जमिनीची गोष्ट मात्र निराळी. तेथील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरदास अधिक घट्ट धरतात. रॉथॅमस्टेडचे आकडे तेथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.