ॲलर्जी, बालकांतील (अकलूज परिसराच्या संदर्भात)

धूळ, परागकण, दूध, शेंगदाणा यांसारख्या इतरांना निरुपद्रवी असणाऱ्या पदार्थांविरुद्ध शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने केलेली अवाजवी प्रतिक्रिया. अकलूज ज्यात येते त्या सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तिला सामान्यतः वावडे म्हणतात, आणि अंगावर गांध्या उठल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणून कोकम लावण्याची वहिवाट आहे.

या विकाराच्या आजच्या नावाचा उगम बालरुग्णांच्या निरीक्षणातून झाला. घटसर्पावर घोड्याच्या रक्तजलातून काढलेले प्रतिविष टोचण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात युरोपात रूढ झाला असता, पहिल्या टोचणीनंतर कित्येक दिवसांनी ताप, गांध्या व सांधेदुखी यांनी पीडलेले मूल दुसऱ्या टोचणीनंतर मात्र अल्पावधीतच आजारी पडते, हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के व त्यांचे सहकारी बेला शिक यांनी बारकाईने नोंदविले. एकदा परिचय झालेल्या पदार्थाविषयी शरीराचे वर्तन बदलते, या अनुमानातून पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ ही संज्ञा योजिली. ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ या प्रतिपिंडाचा शोध त्यानंतर साठ वर्षांनी लागला. हे प्रतिपिंड मास्ट पेशींना चिकटून राहते, व वावड्याच्या पदार्थाशी पुन्हा गाठ पडताच त्या पेशी हिस्टामिन व तत्सम द्रव्ये सोडतात.

घोड्याचा हा संबंध अकलूजकरांना परका नाही. दिवाळीच्या सुमारास येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि घोड्याच्या अंगावरील कोंडा हे वावड्याचे प्रबळ कारण असल्यामुळे, बाजारातून परतलेल्या मुलाचे डोळे लाल होऊन शिंका थांबत नसतील तर दोष दिवाळीच्या फराळाला देण्यापूर्वी घोड्याची आठवण करावी. उसाच्या फडात सर्पदंश झाल्यास द्यावयाचे प्रतिविषही घोड्यापासूनच तयार होते. तथापि प्रतिक्रियेच्या भयाने ते नाकारणे सर्वथा गैर आहे, कारण तीव्र प्रतिक्रियेवरील औषध ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून ते देता येते.

नीरेच्या पाण्यावर पोसलेल्या या ऊसपट्ट्यात, गळीत हंगाम सुरू होताच, म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, पाचट जाळल्याचा धूर, साखर कारखान्याच्या चिमणीची राख आणि ट्रॅक्टर-बैलगाड्यांची धूळ यांनी हवा भरलेली असते. मुलाच्या दम्याचे सारे खापर कारखान्यावर फोडले जाते, ते पूर्णांशाने खरे नाही. धूर व राख आधीच सुजलेल्या श्वासनलिकेस चेतवितात खरे, परंतु मूळ वावडे पुष्कळदा घरातच, गोधडीतील धूलिकीटक, ओलसर भिंतीवरील बुरशी किंवा झुरळे यांच्याशी असते. त्यात गाजरगवताच्या परागांची भर पडते; १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलेले हे तण आज बांधाबांधावर माजले आहे. सर्वांत हलाखी ऊसतोड मजुरांच्या मुलांची, कारण कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, चुलीचा धूर त्यांना चुकवताच येत नाही. गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळविणे हा स्वस्त व उपयुक्त इलाज होय.

अन्नाच्या बाबतीत मात्र रोगापेक्षा मनाईहुकूमच अधिक जाचक ठरतात. नाक वाहिले की केळे बंद, खोकला झाला की दही बंद, आणि रक्ततपासणीचा अहवाल आला की डझनभर पदार्थ बंद, असा कारभार अनेक घरांत चालतो. वस्तुतः अशा तपासणीने केवळ संवेदनशीलता कळते, पदार्थ खाल्ल्यावर त्रास झाल्याचा स्पष्ट वृत्तान्त नसेल तर तिच्यावरून पथ्य ठरविणे अनुचित, आणि वाढत्या वयात तर अपायकारकही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका संशोधनात, तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या अर्भकांना शेंगदाणा वर्ज्य न करता पहिल्या वर्षापासूनच नियमित दिला असता त्याच्या वावड्याचे प्रमाण सुमारे चार-पंचमांशाने घटल्याचे आढळले. शेंगाचटणीच्या या जिल्ह्यात त्याचे विशेष नवल वाटू नये. बाळास अर्थातच तिखट चटणी नव्हे, तर बारीक कूट पातळ करून द्यावे, व इसब तीव्र असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. अख्खा दाणा पाच वर्षांखालील मुलास घशात अडकण्याच्या भयास्तव देऊ नये. दूध व अंडे यांचे वावडे बहुतेक मुलांत वयाबरोबर ओसरते. शेंगदाणा व मासळी यांचे सहसा टिकून राहते.

दम्यावर श्वासावाटे घ्यावयाचे औषध (पंप) हाच मुख्य उपचार असून, लहान मुलास ते ‘स्पेसर’ नावाच्या नळकांड्यातून द्यावे लागते. ‘पंपाची सवय लागते’ हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप निराधार आहे. श्वासावाटे जाणारी मात्रा तोंडावाटे घेतलेल्या औषधाच्या मानाने अत्यल्प असते, आणि पंपास नकार देऊन वारंवार गोळ्या-इंजेक्शने घेणाऱ्या मुलाच्या शरीरातच अधिक औषध जाते.

गांध्यांबरोबर धाप लागणे, आवाज बसणे, वारंवार उलट्या होणे किंवा मूल निपचित पडणे ही तीव्र प्रतिक्रियेची, अर्थात ॲनाफिलॅक्सिसची, लक्षणे होत. तिच्यावर पहिला उपाय ॲड्रेनॅलिन. १:१००० तीव्रतेचे औषध वजनाच्या दर किलोग्रॅममागे ०.०१ मिलिलिटर या मानाने, म्हणजे १५ किलोच्या मुलास ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचतात. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर असल्याने तेथवर धाव घेण्याच्या भरीस न पडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून जवळचे रुग्णालय गाठावे. मुलास आडवे ठेवावे, धाप असल्यास बसते करावे, पण उभे करून चालवू नये. बरे वाटू लागले तरी काही तास देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते, कारण लक्षणे कधीकधी दुसऱ्यांदा उसळतात.